पाळणाघर साडेसातला बंद, मी डोंबिवलीत पावणेआठला

दुपारची_झोप

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं नुसतीच वाचत होते, लिहितेय पहिल्यांदाच, चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या.

मुलगी साडेचार महिन्यांची आहे. रजा २६ आठवड्यांची, त्यातले दोन आठवडे डिलिव्हरीच्या आधीच गेले कारण बीपी वाढलं होतं आणि डॉक्टर म्हणाल्या आता लोकल बंद, त्यामुळे परत जॉइन होईन तेव्हा ती जेमतेम साडेपाच महिन्यांची असेल. सगळे डॉक्टर सांगतात सहा महिने फक्त अंगावरचं दूध आणि रजा संपणार त्याच्या आधीच, हे गणित कुणी बसवलंय देव जाणे.

तर प्रॉब्लेम असा. ऑफिस फोर्टात, पावणेदहा ते सव्वासहा. घर डोंबिवली पूर्वेला. आमच्यापासून दोन बिल्डिंग सोडून एका काकूंचं पाळणाघर आहे, मी जाऊन बघून आले, स्वच्छ आहे, उजेड आहे, पोरं रडवेली वाटली नाहीत, काकू पण बोलायला सरळ. सकाळी आठ ते संध्याकाळी साडेसात. आणि साडेसात म्हणजे साडेसात, असं चक्क बोर्डावर लिहिलंय. आता मी सव्वासहाला निघून धावतपळत सीएसएमटी गाठलं, साडेसहाच्या आसपासची फास्ट मिळाली, ती रखडली नाही, तर पावणेआठला डोंबिवली. मग पुलावरची गर्दी, रिक्षाची रांग, की आठ. म्हणजे सगळं घोडं अडलंय ते ह्या अर्ध्या तासावर. हसू पण येतं आणि रडू पण.

सासूबाईंच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय, त्यांना बाळ उचलायला लावणं म्हणजे पाप. आई चिपळूणला, बाबा अंथरुणावर, ती येऊ शकत नाही. दिवसभराची बाई ठेवायची तर अठरा हजार सांगतात आणि घरात तिच्याबरोबर बाळ एकटं, माझं मन होत नाही. एचआरला घरून कामाचं विचारलं तर म्हणे पॉलिसी नाही. पाळणाघराचं विचारलं तर म्हणे लोअर परळला एका क्रेशशी टायअप आहे, तिथे ठेवा. म्हणजे साडेपाच महिन्यांचं बाळ सकाळच्या फास्टमध्ये घेऊन जाऊ? डोंबिवलीहून? ज्याने हे ठरवलं त्याने सकाळी आठच्या गाडीला एकदा नुसतं दारात उभं राहून दाखवावं.

नोकरी सोडायचा विचार येतो. पण हप्ता ३८ हजार आहे आणि खरं सांगू, मला काम आवडतं. हे बोलताना पण अपराधी वाटतं.

आणि अजून एक, तुम्हाला फालतू वाटेल. ती दुपारी माझ्या मंगळसूत्राची वाटी मुठीत धरूनच झोपते. तिथे कशी झोपणार?

कुणी असं निभावलंय का? कसं?

कोथिंबीर_जुडी

अगं सगळं सविस्तर लिहिलंस, तुझ्या ऑफिसची वेळ, काकूंची वेळ, गाडीची वेळ, सासूबाईंचे गुडघे, चिपळूणची आई. नवरा कुठे आहे ह्या गोष्टीत? त्याचं ऑफिस किती वाजता सुटतं?

भांडायला नाही विचारत हां. माझ्या वेळी मीही हेच केलं होतं म्हणून लगेच डोळ्यात भरलं.

दुपारची_झोप

आहे की गं :) महापेला आहे तो. साडेदहा ते साडेसात. शिळफाट्याला अडकला की घरी यायला नऊ. म्हणून त्याला धरलंच नाही हिशोबात. त्याचं काम तसं जबाबदारीचं आहे.

कोथिंबीर_जुडी

आणि तुझं बिनजबाबदारीचं?

बरं ते जाऊ दे. त्याने त्याच्या साहेबाला वेळ बदलून मागितली का आणि साहेब नाही म्हणाला का? एवढंच सांग. कारण तू एचआरला दोन वेळा विचारून आलीस, तो एकदा तरी विचारून आलाय का. आठ ते पाच केलं तर शिळफाट्याची संध्याकाळची कोंडी पण जरा कमी लागते, आमचे हे त्याच रस्त्याने जातात म्हणून सांगतेय. साडेसहाला घरात.

खडूस_काका

सगळ्यांना सगळं पाहिजे. फ्लॅट पाहिजे, गाडी पाहिजे, करिअर पाहिजे, मूल पण पाहिजे, आणि मूल सांभाळायला मात्र दुसऱ्याने पाहिजे. आमच्या आईने पाच मुलं वाढवली, पाळणाघर हा शब्द माहीत नव्हता.

कोथिंबीर_जुडी

काका, तुमच्या आईच्या घरात सासू, दोन जावा, एक आत्या आणि वाड्यातल्या दहा बायका होत्या. तेच पाळणाघर होतं, फक्त फी नव्हती. हिचा ३८ हजाराचा हप्ता भरणार असाल तर बोला, अकाउंट नंबर मागून घेते.

नाईट_ड्युटी

मी स्टाफ नर्स आहे, मुलगा आता सहा वर्षांचा. मी रजेनंतर जॉइन झाले तेव्हा तीन शिफ्ट होत्या, त्यामुळे तुझा अर्धा तास वाचून मला जरा हेवाच वाटला, राग मानू नकोस. रात्रपाळीला बाळ नवऱ्याजवळ, सकाळी मी आले की तो दारातच बाळ हातात देऊन पळायचा, रिले रेस असते ना तसं. एकमेकांशी बोलणं म्हणजे फ्रिजवरची चिठ्ठी.

दुधाचं सांगते कारण त्याचं कुणी नीट सांगत नाही. जॉइन व्हायच्या दोन-तीन आठवडे आधीपासून पंप करायला लाग, अचानक पहिल्या दिवशी करशील तर काही येत नाही आणि छाती दगडासारखी होते ते वेगळंच. पहाटेच्या फीडनंतर जास्त मिळतं. काढलेलं दूध बाहेर चार तासाच्या वर ठेवायचं नाही, आपल्याकडच्या मे महिन्यात तर तेवढं पण नको, फ्रिजमध्ये चार दिवस चालतं, आतल्या बाजूला ठेव, दारात नको, दार सारखं उघडतं. तारीख-वेळ लिहून ठेव. गरम करताना गॅसवर नाही, मायक्रोवेव्हमध्ये तर अजिबात नाही, कोमट पाण्याच्या भांड्यात बाटली उभी करायची. वर साय जमल्यासारखी दिसते, ते खराब नाही झालेलं, हलवलं की मिसळतं. हे काकूंना सांगून ठेव नाहीतर त्या ओतून देतील, माझ्याकडे झालंय ते. दीडशे मिली. मी बसून रडले होते अक्षरशः.

ऑफिसात पंप करायला जागा मागून घे. बाथरूममध्ये करू नकोस. आमच्याकडे हिरकणी कक्ष म्हणून पाटी लावलेली खोली आहे, आत जुनी कपाटं आणि एक मोडका स्ट्रेचर. मी त्या दोन कपाटांच्या फटीत खुर्ची टाकून आठ महिने काढले. पण दाराला कडी होती, ते महत्त्वाचं.

फाइलबंद

पुण्यात लेबर कम्प्लायन्सचं काम करतो, म्हणून दोन गोष्टी.

२६ आठवडे हे २०१७ च्या दुरुस्तीने आले, त्याआधी बाराच होते. (आणि दोन मुलं असतील तर तिसऱ्याला अजूनही बाराच.) त्याच दुरुस्तीत असं आहे की जिथे ५० किंवा जास्त कर्मचारी आहेत तिथे पाळणाघराची सोय हवी आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता आलं पाहिजे. आता फोर्टातून लोअर परळला दिवसातून चार वेळा कोण जाणार, हे तुमच्या एचआरला नम्रपणे ईमेलवर विचारा. तोंडी नाही. ईमेलवर. उत्तर काय येईल ते मला माहितीये पण विचारलेलं असावं.

घरून कामाचंही कायद्यात आहे, पण कामाचं स्वरूप तसं असेल तर आणि दोघांच्या संमतीने, असं. म्हणजे हक्क म्हणून भांडता येत नाही, मागता येतं. "पॉलिसी नाही" हे उत्तर होत नाही, कायद्यात सोय आहे म्हटल्यावर त्यांनी विचार करून नाही म्हणायचं असतं.

आणि हे बहुतेकांना माहीतच नसतं: बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत रोजच्या जेवणाच्या सुट्टीशिवाय अजून दोन ब्रेक मिळतात बाळाला पाजायला. बाळ डोंबिवलीत आणि तुम्ही फोर्टात, तेव्हा पाजणार कुणाला, पण तो वेळ तुमचा आहे. एकात पंपिंग करा, किंवा दोन्ही एकत्र करून संध्याकाळी तेवढं लवकर सोडा असं लिहून मागा. देतीलच असं नाही, पण आमच्या एका क्लायंटकडे दिलंय, कुणाचं काही अडलं नाही.

सरकारी नोकरीत असतात तर वेगळी कथा होती, केंद्रात ७३० दिवसांची बालसंगोपन रजा, राज्यात १८० दिवस. खाजगीत हे शून्य. आणि खाजगीत बापाला तर कायद्याने एक दिवसही नाही. कंपनीने दिली तर तिची कृपा.

अकरा_पोरांची_आजी

मी ठाण्यात २२ वर्षं पाळणाघर चालवते. मुलीने हा धागा दाखवला म्हणून तिच्याच आयडीने... नाही, आता माझा आयडी काढून दिलाय तिने. टाइप करायला वेळ लागतो, समजून घ्या.

साडेसातला बंद का, ते सांगते. मला साडेसहापासून पाय दुखायला लागतात. दिवसभर कडेवर पोरं असतात. माझ्याकडे मदतीला असते तिला दिवा स्टेशनला जायचं असतं, तिचीही गाडी असते. आणि माझ्याही घरात माणसं जेवायची असतात. पालक म्हणतात काकू दहाच मिनिटं. अकरा जणांची दहा-दहा मिनिटं धरा. म्हणून मी अर्ध्या तासाचे शंभर रुपये लावते, पैशासाठी नाही, पैसे लावले की माणूस वेळेवर येतो. पण ज्या बाईला खरंच पोचता येत नाही तिच्याशी मी वेगळं बोलून घेते, आठवड्यात दोनच दिवस उशीर असं ठरवून, आणि गाडी मुलुंडला आली की फोन करायचा. तुमच्या काकूंना सरळ विचारा. बोर्डावर लिहिलेलं असतं ते न विचारणाऱ्यांसाठी.

आता पोरीचं. पहिल्या दिवशी आठ ते आठ ठेवू नका हो. अजून महिना आहे ना हातात? पहिला आठवडा तासभर, तुम्ही तिथेच बसा. मग दोन तास, तुम्ही बाहेर जाऊन या. असं वाढवत न्या. जाताना चोरून निघून जाऊ नका, सगळ्या आया करतात, बाळाचं लक्ष नाही बघून सटकतात. त्याला कळतं. मग ते दिवसभर दाराकडे बघत बसतं. तोंडावर सांगून जा, आई जाते, संध्याकाळी येते. रडेल. तुम्ही कोपऱ्यावर पोचाल तोवर गप्प झालेलं असेल, पण तुम्हाला ते दिसत नाही आणि तुम्ही गाडीत रडत बसता.

मंगळसूत्राची वाटी काढून देऊ नका, तोंडात घालेल. तुमचा न धुतलेला सुती गाऊन द्या. आम्ही मांडीवर घेऊन निजवतो तेव्हा तो मांडीवर टाकतो, वास येतो त्याला आईचा. झोप लागली की काढून घेतो, तोंडावर येऊ द्यायचा नाही. माझ्याकडे एक मुलगा होता त्याच्या आईची ओढणी चार महिने होती, शेवटी तिची जाळी झाली.

आणि माझ्या मदतनीस बाईचं बाळ पण माझ्याकडेच असतं. अकरा सांगते पण खरी बारा आहेत. तिला कुठली २६ आठवड्यांची रजा. दीड महिन्याचं घेऊन आली होती टोपलीत झोपवून.

कडा_उतरला

ह्या धाग्यावर हिरकणीचं नाव आलंच आहे म्हणून राहवत नाही. रायगडावर दूध घालायला आलेली बाई, सूर्य मावळला, दरवाजे बंद, घरी तान्हं बाळ. उतरली कडा. महाराजांनी कौतुक केलं, तिथे बुरूज बांधला, अशी कथा. लहानपणापासून ऐकतोय आणि मागच्या पावसाळ्यात त्या बुरुजावरून खाली बघताना पहिल्यांदा डोक्यात आलं की बायको घरी दोन पोरांना घेऊन आहे आणि मी इकडे फोटो काढतोय. आणि दुसरं असं की बुरूज बांधला म्हणजे कडा बंद केला, दरवाजाची वेळ मात्र तीच राहिली की. पुढच्या हिरकणीने काय करायचं?

धागाकर्तीला उपयोगाचं काही नाही ह्यात, सॉरी.

कोथिंबीर_जुडी

आज तुला माफ.

श्टुटगार्टची_सून

"परदेशात बरं असतं बाई" असं कुणी लिहायच्या आत मीच लिहिते. जर्मनीत वर्षभर घरी होते, नवऱ्याने दोन महिने घेतले कारण दोघांनी घेतली तरच एकूण १४ महिने पैसे मिळतात, आईने एकटीने घेतली तर १२. हे फार हुशारीचं आहे, इथले बाप त्या दोन महिन्यांसाठी का होईना पण घरी बसतात. पगाराच्या साधारण ६५ टक्के मिळतात. नोकरी तीन वर्षांपर्यंत शाबूत.

पण पाळणाघर! कायद्याने बाळ एक वर्षाचं झालं की जागा मिळायचा हक्क आहे, २०१३ पासून. हक्क आहे, जागा नाही. आम्ही बाळ पोटात असताना नाव लावलं आणि सव्वा वर्षाने नंबर लागला. आणि ते बंद कधी होतं माहितीये? साडेचारला. शुक्रवारी तीनला. तुझं साडेसात वाचून मी नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं. सर्दी झाली की फोन येतो, घेऊन जा. आणि लवकर कामावर गेलीस तर त्यांच्याकडे शब्दच आहे, राबेनमुट्टर, म्हणजे डोमकावळ्याची आई, पिल्लं टाकून जाणारी. आपल्याकडे निदान चिऊच्या घराचं दार तरी वाजवता येतं, "थांब माझ्या बाळाला तीट लावते" ऐकत का होईना. इथे शेजारीण दार उघडते पण आधी अपॉइंटमेंट लागते.

आई सहा महिने येऊन राहिली होती तेव्हा निभावलं. म्हणजे फिरून पुन्हा आजीच.

खडूस_काका

परत येतोय. मुलगी म्हणाली बाबा तुम्ही इथे पण सुरू झालात का.

माझी बायको टपाल खात्यात होती. १९८८ ला मुलगा झाला, तेव्हा रजा तीन महिने. आम्ही चाळीत, दोघंच. मी बँकेत. पाळणाघर जवळ नव्हतं आणि मी पण काही शोधलं नाही, तिनेच शोधलं, मिळालं नाही. चौथ्या महिन्यात मुलगा साताऱ्याला माझ्या आईकडे ठेवला. तीन वर्षं. महिन्यातून एकदा रात्रीच्या एसटीने जायचो. पहिल्या दोन-तीन वेळा तो तिच्याकडे आला, मग येईना, आजीच्या पदरामागे लपायचा. परत येताना एसटीत ती खिडकीकडे तोंड करून बसायची आणि मी पेपर वाचायचो.

मुलगा आज ३० च्या पुढचा आहे, चांगला आहे, काही तक्रार नाही त्याची. पण हा विषय आमच्या घरात निघत नाही. आई म्हणून त्याने माझ्या आईलाच हाक मारली शेवटपर्यंत, हिला तो नावाने हाक मारतो. लोकांना गंमत वाटते.

त्यावेळी मी बँकेत बदलीसाठी एक अर्ज टाकला असता तर साताऱ्याची शाखा मिळत होती. तिलाही तिथलं पोस्ट मिळालं असतं कदाचित. टाकला नाही. प्रमोशन जवळ होतं.

मघाच्या प्रतिसादाबद्दल काय म्हणायचं ते म्हणा.

नाईट_ड्युटी

काका, काही म्हणायचं नाहीये.

दुपारची_झोप

सगळ्यांचं वाचतेय हो, उत्तर द्यायला हात मोकळा नाही, एका हाताने टाइप करतेय. काकांचा प्रतिसाद मी नवऱ्याला वाचायला दिला. काही बोलला नाही. फोन परत दिला आणि गॅलरीत जाऊन उभा राहिला.

दुपारची_झोप

दोन महिने झाले, कुणी विचारलं नाही तरी सांगते :)

नवऱ्याने विचारलं साहेबाला. त्याआधी आठ दिवस नुसता "विचारतो, विचारतो". साहेब म्हणाला, एवढंच ना, आधी नाही का सांगायचं. सोमवार, बुधवार, शुक्रवार आठ ते पाच. घरातून सातला निघतो, त्यामुळे सकाळी तिला सोडणं माझ्याकडे, संध्याकाळी आणणं त्याच्याकडे. मंगळवार-गुरुवार काकू आठपर्यंत थांबतात, महिन्याला सहाशे जास्त, आणि मुंब्र्याहून फोन करायची अट त्यांनीही घातली, ठाण्याच्या आजींनी लिहिली होती तशीच, सगळ्या पाळणाघरवाल्यांचा ग्रुप आहे की काय.

ईमेल केला एचआरला, फाइलबंद यांनी सांगितलं तसा, दोन ब्रेक एकत्र करून. बोलावून घेतलं आणि तोंडी हो म्हणाले. लेखी अजून आलेलं नाही. पण मी पावणेसहाला ऑफिसातून उठते आणि कुणी अडवत नाही. एक जण रोज घड्याळाकडे बघतो, बघू दे. मागच्या मंगळवारी दिव्याजवळ गाडी पाऊण तास उभी होती, काकूंनी त्या दिवशी तिला स्वतःच्या घरी नेऊन वरणभाताचं पाणी भरवलं होतं. मी आठ-चाळीसला पोचले तर ती मजेत, माझेच पाय लटपटत होते. दोनदा ताप येऊन गेला, एकदा मी रजा घेतली, एकदा त्याने.

गाऊनचं चाललं नाही, आजी. तिने चार दिवसांत तो झिडकारला. आता म्हणे ती बाबाच्या आयकार्डाची दोरी धरून झोपते. "म्हणे" कारण मी घरी पोचते तेव्हा बऱ्याचदा झोपलेलीच असते.

बाकी पंपाची ती पांढरी रबरी झडप सारखी सैल होतेय, ओढच लागत नाही. सुटी झडप मिळते का कुठे? दादर किंवा ठाणे चालेल, शनिवारी दोननंतर जाऊ शकते.